सिस्टरची कच्ची मराठी

पयलेच सांगून ठेवतो, हे मी लिहेल नाही. मले लिहिता येत नाही, वाचता येत नाही, सही बी अंगठ्याची. मी बोलून राह्यलो अन् माही नात प्राजक्ता लिहून राह्यली. ती म्हने, "आबा, शुद्ध करून लिहू का?" मी म्हनलं, जसं निंगते तसंच लिव बाई. शुद्ध केलं तं गावातले लोक म्हनतील हा तुळशीराम नोहे, कोनी मास्तर हाये.

मासिकाच्या अंकवाल्या मॅडमचा फोन आला तवा मी ढोराले पानी पाजत होतो. त्या म्हने, तुमी इतके वर्स मिशनच्या दवाखान्यात काढले, अनुभव सांगा. मी म्हनलं मॅडम, मी दवाखान्यात होतो म्हनजे जीप चालवत होतो, झाडू मारत होतो, अन् बाकीच्या वेळात सिस्टरच्या पायात पायात येत होतो. तरी लोक मले डाक्टर म्हनत. खरा डाक्टर महिन्यातून एक डाव बाहेरून येई, म्हनून ते नाव रिकामंच पडेल होतं.

आमचा दवाखाना सुलतानपूरहून आतल्या रस्त्याले. तीन खोल्या, पुढं टिनाचं शेड, शेडाखाली बाकडे, अन् अंगनात लिंबाचं झाड. सगळा कारभार एका बाईच्या हातात. सिस्टर इंग्रिड. नॉर्वे देशाची. देवाच्या नावानं नर्सचं काम कराले घरदार सोडून आली अन् आमच्यात राह्यली. ताप, हगवन, गळू, इचू, बाळंतपन, सगळं तीच पाहे. लोकाइले इंग्रिड म्हनता येईना, म्हनून गावानं तिचं इंगळेबाई करून टाकलं. आमच्या गावात इंगळे दोन वाड्यात, बौद्धवाड्यात बी अन् मराठ्याइत बी. दोन्हीकडचे म्हनत आमची हाये. दोन्हीकडून लग्नाच्या पत्रिका येत, अन् बाई दोन्हीकडं जेवून येई.

तिच्या देशात म्हने उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. हे ऐकून आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं तिले इचारलं, "मंग तिथं मजुराले सुट्टी कवा देतात?" सिस्टर चार दिवस हसत होती.

मले कामावर ठेवताना तिनं एकच गोष्ट इचारली. "जीप येते?"

मी म्हनलं, "हाव, येते ना."

येत होता टॅक्टर. पयल्या दिवशी मी जीप काढली ते सरळ फाटकाच्या खांबाले नेऊन लावली. कपाळ फुटलं. सिस्टर धावत आली, मले बाकड्यावर बसवलं, तीन टाके घातले. त्या दिवशीचा पयला पेशंट मीच. टाके घालता घालता म्हने, "काऊन रे, नाही येत तं नाही म्हनता येत नाही का तुले?"

हा रोग तिनं पयल्याच दिवशी पकडला होता. मले 'नाही' म्हनता येत नाही. पन त्याले गोळी नव्हती तिच्याकडं.

आता तिच्या मराठीचं सांगतो. ती मराठी कोन्या शाळेत शिकली नाही. हापशीवर बसून शिकली, बायाइच्यात. म्हनून ती आमच्या म्हाताऱ्याइसारखी बोले. 'काय वं माय', 'मले नोको सांगू', 'बस बापा'. एक डाव मोठे साहेब दवाखाना पाहाले आले, तिनं त्याइले खुर्ची दिली अन् म्हने, "बसा बापा, उन्हातून आले." साहेब पुन्याकडचे, ते तिच्या तोंडाकडं पाहातच राह्यले. मंग हासले. सिस्टरले वाटलं मराठी चुकली. दोन दिवस माह्यासंग बोलली नाही, जसं काही मीच शिकवली होती. मानसानं तिच्या रंगाले हासलं चाले, टोपीले हासलं चाले. पन तिच्या मराठीत कोनी खोट काढली की तिचं नाक लाल. ती म्हने, "मी इथं बाकी काही कमावलं नाही, भाषा तेवढी कमावली."

हे ध्यानात ठेवजा. मी बी ठेवाले पाह्यजे होतं.

दवाखान्याचं काम कसं चाले ते सांगतो. बाई आली की तिचं कार्ड बने, जाड पिवळा कागद. त्यावर सिस्टर सोता हळूहळू बाळबोधात लिही. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, माहेर, मंग प्रेशर, वजन, पायाले सूज. पोटुशी बाई असली तं सिस्टर पयले तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहे. अंगठा काढल्यावर खड्डा भरून आला तं बरं, तसाच राह्यला तं सिस्टरच्या कपाळाले आठी पडे.

पन सगळ्यात मोठी अडचन खड्ड्याची नाही, नावाची. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं घेत नाही. भासऱ्याचं, म्हनजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, तं त्याहून नाही. सिस्टर इचारे, "घरधन्याचं नाव काय वं?" अन् बाई पदर दातात धरून भितीकडं पाहे. सिस्टरनं दहा डाव इचारलं तं बाई दहा डाव भितीकडं पाहे.

इथं माहं काम सुरू होई. मी दाराशी उभा राहो. दहा गावचे लग्नं, बारसे, तेरव्या जेवेल मानूस मी. बाई आली की मी तिथूनच सांगो, "ही अमक्याची. माहेर फलान्या गावचं." सिस्टर लिहून घेई. बाई सुटली म्हनून खुश, सिस्टरले नाव भेटलं म्हनून खुश, अन् मी तं काही इचारूच नोका. अंगठाछाप मानूस, पन कागदावर काय लिहाचं ते मी सांगो. जिथं माईत नसे तिथं अंदाजानं सांगो. शंभरात नव्वद डाव बरोबर निंगे. राह्यलेल्या दहाचं काय झालं ते मी कधी पाह्यलं नाही.

एक डाव उन्हाळ्यात एक सून आली. पदर नाकापर्यंत. पयलं बाळंतपन, आठवा महिना. संग कोनी नाही, सासूचे गुडघे धरेल होते. सोताचं नाव सांगतलं, सुरेखा. गाव सांगतलं, घर कुठी तेवढं सांगतलं. नवऱ्याचं इचारलं तं भितीकडं.

त्या घरचा गजानन माह्या ओळखीचा. त्याच्या लग्नाले मी देऊळघाटले वऱ्हाडाच्या टॅक्टरवर गेलो होतो. मी दारातून म्हनलं, "गजाननची हाये. माहेर देऊळघाट."

सुरेखानं मान हालवली. हो म्हनून का नाही म्हनून, ते पदरात समजलं नाही. मी तं हो समजलो. सिस्टरनं लिहिलं.

आता ऐका. ती गजाननची नव्हतीच. ती गजाननच्या धाकल्या भावाची, प्रकाशची. गजानन तिचा भासरा. ते बिचारी सांगन कसं? नवऱ्याचं नाव घेता येत नाही, भासऱ्याचं घेता येत नाही. 'हा मानूस चुकीचं सांगून राह्यला' असं परक्या मानसाच्या तोंडावर म्हनता येत नाही. तिले बोलाले जागाच नव्हती. होती तेवढी मी खाल्ली.

सिस्टरनं प्रेशर पाह्यलं, कपाळाले आठी पडली. नडगीवर अंगठा दाबला, खड्डा तसाच. तिनं गोळ्या देल्ल्या अन् म्हने, "गुरुवारी येच वं माय. चुकू नोको. डोकं दुखलं, डोळ्यापुढं चमकलं, तं गुरुवारची बी वाट पाहू नोको."

गुरुवारी सुरेखा आली नाही.

सुक्रवारी सकाळी सिस्टर कार्ड हातात घेऊनच बाहेर आली. "जीप काढ. हिच्या घरी जाऊ."

मी म्हनलं, "घरी जाऊन फुकट टाइम जाईन. पयलं बाळंतपन हाये, माहेरी गेली असन. मी फोन करतो." मोबाईल तवा नुकते आले होते. आमच्याकडं रेंज फक्त पान्याच्या टाकीवर चढलं की भेटे. मी चढलो.

"गजानन, तुही बायको कुठी हाये बे?"

"माहेरी गेली देऊळघाटले. काऊन?"

"दवाखान्यातून बोलून राह्यलो. सिस्टरले तिची तब्येत पाहाची हाये."

"पाहा ना बापा," तो म्हने, "लय बोलते आजकाल." अन् रेंज गेली.

मी टाकीवरून उतरलो ते छाती काढूनच. म्हनलं ना, देऊळघाट.

सिस्टर म्हने, "तरी रस्त्यात तिच्या घरावरून जाऊ. सासूले इचारू."

मी म्हनलं, "सिस्टर, माह्यावर भरोसा नाही का?"

ती जीपमधी बसली.

सुलतानपूरहून देऊळघाट म्हनजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. मेहकर, चिखली, बुलढाना, मंग देऊळघाट. पोचाले अकरा वाजले. गजाननच्या सासऱ्याचं घर मले पाठ. मांडव कुठं होता, बुंदी कुठं होती, सगळं ध्यानात होतं. सिस्टर प्रेशर मोजाचा पट्टा घेऊन पायऱ्या चढत माळवदावर गेली. तिथं गजाननची बायको कुरडया वाळू घालत होती. सिस्टरनं तिले हातानं धरून सावलीत बसवलं, दंडाले पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. परत भरली, परत सोडली. मंग तिच्या पोटाकडं पाह्यलं.

पोट सपाट.

ती बाई म्हने, "काय झालं मले? मी तं बरी हाये."

सिस्टर म्हने, "तू सुरेखा ना वं?"

"मी कांता. सुरेखा माही धाकली जाऊ. ते तिच्या माहेरी गेली, देऊळगाव राजाच्या अलीकडं." मंग माह्याकडं वळून म्हने, "काय हो तुळशीदादा, माह्या लग्नात सगळ्यात शेवटच्या पंगतीपर्यंत बसून होते तुमी. अन् नवरीचं तोंड नाही पाह्यलं?"

मी म्हनलं, "तोंडावर पदर होता वं."

"बुंदीवर नव्हता वाट्टे," ती म्हने.

दुसऱ्या वक्ती मी हासलो असतो. पन सिस्टर पट्टा गुंडाळत पायऱ्या उतरून जीपकडं निंगाली होती.

परत चिखलीपर्यंत तोच रस्ता, अन् तिथून देऊळगाव राजाचा. ऊन असं की इस्टेरिंग हातात धरवेना. अर्ध्या रस्त्यात सिस्टर बोलली.

"तुले माईत नव्हतं?"

"नाही."

"मंग काऊन सांगतलं?"

मी म्हनलं, "सवय."

ती म्हने, "हाक."

बस. शिव्या देल्ल्या असत्या तं रस्ता बरा कटला असता.

दोन वाजून गेले होते. सुरेखा माजघरात आंधार करून पडेल, कपाळाले फडकं बांधेल. तिची माय म्हने, पित्त झालं, सकाळपासून डोकं धरून बसली, म्हनते डोळ्यापुढं काजवे चमकतात. सिस्टरनं पट्टा बांधला, अन् आकडा पाहून पट्टा काढाच्या आधीच मले म्हने, "मागची सीट खाली कर."

तिथून जालना जवळ. मोठा दवाखाना तिथं. आमी निंगालो. मागं सुरेखा, तिची माय अन् सिस्टर. रस्त्यातच मागून आवाज आला. मानसाचा वाटत नव्हता. जीप हालाले लागली, रस्ता सपाट असून. ते झटके होते. प्रेशर डोक्यात चढलं की पोटुशीले झटके येतात, अन् झटक्यात बाई बी जाते अन् लेकरू बी जाते, हे मी सिस्टरच्या तोंडून दहा डाव ऐकेल होतं. दुसऱ्या बायाइले सांगताना.

मी मान वळवली. सिस्टर म्हने, "पुढं पाह्य. मागं काही पाहू नोको." तिनं सुरेखाले कुशीवर धरलं होतं, अन् एका हातानं सुई भरत होती. मी पुढं पाह्यलं. मी कधी देवाले जास्त तरास देल्ला नाही, पन त्या रस्त्यानं मी सगळ्याइले हाका मारल्या. आमच्या बी, अन् सिस्टरच्या बी. म्हनलं कोनीतरी मोकळा असन.

सुरेखा जगली. पोरगी झाली, मुठीएवढी, ते बी जगली. पन झटक्यात सुरेखाची जीभ दातात आली होती, चांगली खोल. आज बी बोलताना तिचे काही शब्द अडकतात. सकाळी सरळ गेलो असतो तं दहाच्या आत तिच्या उंबऱ्यात असतो. हा हिशोब मले कोनी सांगतला नाही. अंगठाछाप मानसाले बी तेवढा येते.

संध्याकाळी दोघं भाऊ जालन्याले आले. गजानन माह्यावर भडकेल. "फोन कटला तं माही बायको सिरीयस हाये समजून मी वावरातून अनवानी देऊळघाटले गेलो, अन् ते कुरडया करून राह्यली." पन प्रकाश खाली वाकला अन् माह्या पायाले हात लावला. "दादा, तुमी टायमावर आनली."

मी तिथं बी खरं सांगतलं नाही. नाही म्हनता येत नाही ना मले.

सिस्टर बाजूलेच उभी होती. तिनं ऐकलं, अन् सुरेखाचं प्रेशर पाहाले आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याची रीत बदलली. नवऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी. पयला सवाल, "माहेर कुठलं वं माय?" अन् काय सांगू तुमाले, ज्या बाया भितीकडं पाहात त्या बोलता बोलता थांबेनात. गाव, भावाचं नाव, पान्याची हीर कुठी, बोरीचं झाड कुठी, भाऊ कोन्या बसनं न्याले येते, सगळं. कार्ड पुरेना. पोटुशी बाई हरवली तं ती कुठी सापडन, ते आता कार्डावर सगळ्यात वरती लिहेल राहे.

अन् माह्यासाठी इलाज वेगळा. रोज सकाळी झाडू हातात घ्याच्या आधी सिस्टर मले समोर उभं करे. "म्हन."

मी म्हनो, "मले माईत नाही."

"परत."

"मले माईत नाही."

"परत."

तीन डाव, गोळीसारखं, उपाशीपोटी. बाकड्यावरचे पेशंट मले पाहाले लवकर येत.

महिन्याच्या शेवटी मोठे डाक्टर आले, मिशनचे, बाहेरून येनारे. ते सगळे कार्ड चाळत. मी चहा घेऊन उभा होतो. मी समजलो आता नोकरी जाते, कारन सुरेखाचं पिवळं कार्ड त्याइच्या हातात होतं. मी ते ओळखो, कोपऱ्यावर हळदीचा अंगठा होता. त्याइनं पुढून पाह्यलं, मागून पाह्यलं, अन् चष्मा काढून म्हने, "काय सिस्टर, इतके वर्ष राहून अजून मराठी कच्चीच? आता तरी शिकून घ्या."

सिस्टर खाली पाहून म्हने, "हाव. कच्चीच हाये माही."

अन् मी हासलो. चहाचा ट्रे हालन इतका हासलो. मले वाटलं साहेबाइनं गंमत केली, अन् मले नोकरीवरून काढाचं त्याइच्या ध्यानातच नाही. सिस्टरचं नाक लाल झालं. मी ते बी पाह्यलं, अन् तरी हासलो.

मंग लय वर्स गेले. सिस्टरचे गुडघे गेले, तिच्या देशातल्या लोकाइनं तिले वापस बोलावलं. जाताना दोन्ही वाड्यातल्या इंगळ्याइच्या बायाइनं तिची ओटी भरली. सुरेखा सगळ्यात पुढं. ती आता दवाखान्याच्या बाकड्यावर नव्या सुनाइले अडकत्या जिभेनं सांगते, "घ्या वं नाव, प्रकाश म्हनलं मी, काही आभाळ पडलं नाही."

जीपमधी बसताना सिस्टरनं मले एक पाकीट देल्लं. म्हने, "कोनाकडून वाचून घेजो." मी उघडलं. पिवळं कार्ड, कोपऱ्यावर हळदीचा अंगठा. मले वाटलं, बाईनं जाता जाता माहं पाप माह्या हातात देल्लं. वाचून घेऊ कोनाकडून? गावात कोनाले समजू द्याचं होतं का? मी ते पेटीत धोतराखाली ठेवलं. अंगठाछाप असन्याचा तेवढाच एक फायदा, आपले पाप आपल्याले वाचू येत नाही.

परवा हे लिहाले बसलो अन् प्राजक्ता म्हने, "आबा, दवाखान्यातला एखादा फोटो नाही का?" तिनंच पेटी उघडली. फोटो नाही, कार्ड भेटलं. मी म्हनलं ठेव. तिनं वाचलंच.

पुढं सुरेखाच्या नावाखालचं गजानन, देऊळघाट, ते खोडेल होतं. अन् मागं सिस्टरच्या हळूहळू अक्षरात लिहेल होतं: 'नवऱ्याचे नाव व माहेर मी चुकीचे लिहिले. बाई बरोबर सांगत होती, मला समजले नाही. माझी मराठी कच्ची आहे.' खाली तिची सही.

प्राजक्ता म्हने, "आबा, रडता काऊन?" मी म्हनलं, हे लिहू नोको. तिनं लिहिलं.

मंग मी तिले म्हनलं, लाव फोन. सिस्टर आता तिकडं म्हाताऱ्याइच्या आश्रमात राह्यते. मोबाईलवर तिचं तोंड दिसलं, मागं खिडकीत बरफ.

"काऊन रे तुळशीराम, जेवला का?"

मी म्हनलं, "सिस्टर, कार्ड वाचलं आज."

"आज? बह्याड मानसा, इतके वर्स काय केलं?"

"सिस्टर, तुमी खोटं लिहिलं. माह्यासाठी. अन् वरून मी हासलो."

तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं, जशा आमच्या सुना भितीकडं पाहात.

"कोनतं कार्ड?" ती म्हने. "मले माईत नाही."

मी म्हनलं, "सिस्टर."

"मले माईत नाही," ती म्हने, अन् परत एक डाव म्हने, "मले माईत नाही बापा."

तीन डाव. अन् असं म्हनली, की सुलतानपूरच्या बाजारात भाजी घेऊन बसेल बाईनं बी त्यात खोट काढली नसती.